दोष रक्ताचा की ताटाचा?

मूल उन्हातून आले की तोंडावर, मानेवर, हातापायांवर लाल चट्टे उठतात, कातडी सोलते. कधी चालताना तोल जातो, कधी एकाचे दोन दिसतात, कधी मूल उगाच चिडते, घाबरते. काही दिवसांनी सारे ओसरते आणि पुन्हा उलटते. असे मूल घरात असले की आपल्या वस्त्यांत काय होते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. कोणी करणी म्हणतो, कोणी देवीचा कोप, कोणी मागच्या जन्मीचे पाप. गंडेदोरे होतात, कोंबडे कापले जाते आणि मांत्रिकाचे घर भरते.

या लक्षणांमागे हार्टनप नावाचा आजार असू शकतो. 1956 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी तो प्रथम नोंदवला. डाळ, अंडी, मांस यांतील प्रथिनांपासून अमिनो आम्ले सुटतात. त्यांतील काही आम्ले रक्तात शोषून घेण्याची यंत्रणा या रुग्णांच्या आतड्यात जन्मतःच सदोष असते. मूत्रपिंडातही तोच दोष असल्याने ती लघवीवाटे वाहून जातात. त्यात ट्रिप्टोफॅन असते. त्यापासून शरीर बी-3 जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की कातडी आणि मेंदू दोन्ही बिघडतात. 2004 मध्ये या आजाराचा जीनही सापडला. आई आणि बाप दोघांकडून सदोष जीन आला तरच आजार होतो. म्हणूनच मामाची मुलगी करण्याची प्रथा असलेल्या घरांत असा धोका वाढतो. याच जातीचा दुसरा आजार सिस्टिन्युरिया. त्यात लहान वयापासून मुतखडे वारंवार होतात.

पण आमचा मुद्दा पुढचा आहे. हार्टनपचा दोष असूनही अनेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. ज्यांच्या पोटात प्रथिने पुरेशी जातात, ते बहुधा बचावतात. उपाशी, अर्धपोटी मुलाला मात्र हा दोष गाठतो. म्हणजे दोष रक्तात असला तरी त्याचा निकाल ताटात लागतो!

हुबेहूब असेच चट्टे पेलाग्रात येतात, तेही रक्तात कोणताच दोष नसताना, केवळ निकृष्ट अन्नाने. 1960 मध्ये हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्रावर लिहिले. त्याआधी अमेरिकेत 1915 मध्ये गोल्डबर्गर यांनी तुरुंगातील कैद्यांना निकृष्ट आहार देऊन हा रोग अन्नाचाच असल्याचे दाखवले होते. तरीही 1916 मध्ये डॅव्हेनपोर्ट नावाच्या विद्वानाने तो वंशाशी जोडला. गरिबाची भूक त्याच्या रक्ताच्या माथी मारण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही.

राज्यघटनेच्या कलम 47 ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. महाराष्ट्रात 2023 मध्ये शाळेच्या ताटात अंडे आले आणि 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी काढून घेतला. अंडे कोणाला खुपते आणि त्यावाचून कोणाची पोरे राहतात, हे वाचकांनीच ठरवावे.

समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच: असे मूल दिसले तर मांत्रिकाकडे नव्हे, सरकारी रुग्णालयात न्या. लघवीतील अमिनो आम्लांची तपासणी मागा. निकोटिनामाइडच्या गोळ्या, प्रथिनयुक्त आहार आणि उन्हापासून जपणूक एवढ्यावर हा आजार बहुधा आटोक्यात राहतो. आणि मुलांच्या ताटातले अंडे परत मागा. ती भीक नाही, हक्क आहे.