साभार परत तरी करा

जून उजाडला की मुलांच्या दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवणारी आवाहनं मोबाइलवर फिरायला लागतात. गोष्ट, कविता, कोडी, विज्ञानलेख, जे असेल ते पाठवा. अखेरची तारीख अमुक. निवडीचा अधिकार संपादक मंडळाचा. गोष्ट कितवीच्या लेकरासाठी हवी, किती शब्दांची हवी, छापली तर मानधन मिळणार का, आणि घेतली नाही तर ते कधी कळणार, याबद्दल बहुतेक आवाहनांत अवाक्षर नसतं. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. मुलांसाठी लिहून पाठवणाऱ्याला नकार कळवलाच पाहिजे, आणि ठरलेल्या मुदतीत कळवला पाहिजे. तो कळवला जात नाही, म्हणून आमच्या भागातली लिहिणारी माणसं लिहायचं सोडून देतायत.

हे मी दुकानात बसून बघतो. बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सोलापूर-धुळे महामार्गाला नगरहून अहमदपूरकडे जाणारा रस्ता इथंच छेदतो. त्यामुळे गिऱ्हाईक चारी दिशांचं: नेकनूर, चौसाळा, लिंबागणेश, पाली. दिवसभर पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सातबारा, आधार कार्ड. आणि त्यातच अधूनमधून कुणीतरी शाळेच्या वहीतलं मधलं जोडपान काढून समोर ठेवतं. निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली गोष्ट. जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी असतात, अंगणवाडीच्या ताई असतात, रिटायर झालेले ग्रामसेवक असतात. एकदा नववीतली एक पोरगी कविता घेऊन आली होती, सोबत तिची आजी. मी स्वतः मुलांसाठी लिहितो, काही मासिकांत आलंय, हे इथं लोकांना माहीत आहे. म्हणून टायपिंगसोबत कुठं पाठवावं हेही मला विचारतात. लेकरांसाठी लिहिलेलं टाइप करायचे मी पैसे घेत नाही.

पूर्वी श्रीलिपीत टाइप करून द्यायचो. समोरच्याकडं तोच फॉन्ट नसला की सगळी अक्षरं विस्कटायची. आता युनिकोडमुळे ती कटकट बरीच मिटली. फाइल तयार होते, ईमेल जातो, 'पाठवला' असं स्क्रीनवर येतं. अडचण सुरू होते ती यानंतर. महिन्यानं माणूस विचारतं, "दादा, आलं का काही?" दोन महिन्यांनी परत विचारतं. दिवाळीत अंक निघतो, त्यात आपलं नाव नाही हे कुणाच्या तरी हातातल्या अंकावरून कळतं, तेही कळलं तर. त्यानंतर ते माणूस विचारत नाही. बहुतेक वेळा परत लिहूनही आणत नाही.

पोस्टाच्या काळात रीत वेगळी होती. लेखनासोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. नापसंत झालं की त्याच पाकिटातून हस्तलिखित घरी यायचं, वर छापील चिठ्ठी: साभार परत. वाईट वाटायचं, पण कागद हातात यायचा आणि तो दुसऱ्या पाकिटात घालून दुसरीकडं धाडता यायचा. आता परत येण्यासारखा कागदच राहिला नाही, आणि कागदासोबत चिठ्ठीही गेली. एकच लेखन एकाच वेळी दोन अंकांना द्यायचं नाही हा संकेत मात्र तसाच आहे, आणि तो बरोबरही आहे. पण उत्तरच येणार नसेल तर जूनमध्ये पाठवलेली गोष्ट नोव्हेंबरपर्यंत अडकून पडते. तोवर बाकीचे सगळे दिवाळी अंक बाजारात आलेले असतात. त्या गोष्टीचं वर्ष गेलं. हे माझ्या लेखनाबाबतही झालंय आणि त्याचा मला राग आहे. पण मी लिहीत राहतो, कारण मला चार ठिकाणं माहीत आहेत. ज्याला एकच ठिकाण माहीत आहे त्याचं काय?

काही जण म्हणतील, चार हौशी माणसं लिहायची थांबली तर मराठी बालसाहित्याचं काय बिघडलं? बरंच बिघडलं. मुलांच्या अंकांतलं गाव बघा. ते बहुतेक वेळा मामाचं असतं. शहरातलं लेकरू सुट्टीत तिथं येतं, विहिरीत पोहतं, आंबे खातं आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत जातं. आमच्याकडं उलटं आहे. दिवाळीच्या सुट्टीत गाव भरत नाही, रिकामं होतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, धाकटी लेकरं भरतात आणि गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकाकडं लागतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद होईपर्यंत, ती लेकरं उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहतात. जी मागं राहतात ती आजीआजोबांकडं, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. मुलांचे दिवाळी अंक छापून येतात, नेमकी तेव्हाच आमची लेकरं गाडीत बसतात.

यावर लिहिणारी माणसं आहेत. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंनी लिहिलेली गोष्ट मी टाइप केली. त्यात एक मुलगी रोज संध्याकाळी आजीचा मोबाइल चार्जिंगला लावते, कारण आई फडावरून मिस कॉल देणार असते. फोन उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा, असं दोघींचं ठरलेलं. एक दिवस फोन वाजत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोनदा वाजतो. बस, एवढीच गोष्ट. कुठं उपदेश नाही, रडारड नाही, शेवटी कुणी कलेक्टर होत नाही. इतकी चांगली बालकथा मी छापील अंकांत क्वचितच वाचलीय. ती एका मासिकाकडं गेली आणि आजतागायत तिच्याबद्दल एक अक्षर आलेलं नाही. बाईंना मी दुसरीकडं पाठवायचं म्हणलं. त्या म्हणल्या, "राहू द्या दादा, आपलं नसंल बरं लिहिलेलं." हे वाक्य मला फार लागलं. गोष्ट बरी नाही असं कुणीही म्हणलेलं नव्हतं. उत्तर आलं नाही, त्याचा अर्थ त्यांनी स्वतःपुरता असा लावला.

लेकरांमध्ये राहणाऱ्या माणसाला त्यांच्यासाठी काय लिहावं हे वेगळं सांगावं लागत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसोबत राहत होते, तेव्हा त्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत; वाचक समोर होते म्हणून रोज लिहीत होते. आजच्या हंगामी वसतिगृहांतली माणसं त्याच जागी आहेत. आणि मराठवाड्यातलं लेखन वरच्या दर्जाचं होऊ शकतं का, हा प्रश्न तर आता कुणी विचारू नये. २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया'ला मिळाला.

संपादकांची बाजू मला कळत नाही असं नाही. मुलांची मासिकं मराठीत कायम थोडक्या माणसांनी आणि थोडक्या पैशांत चालवली. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' काढला, भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' काढला. मागं ना सरकार होतं ना मोठं भांडवल. बालभारतीचं 'किशोर' १९७१ मध्ये सुरू झालं आणि पन्नासावर वर्षं टिकलं, कारण त्याला पाठ्यपुस्तक मंडळाचा आधार आहे. बाकीच्यांकडं एक संपादक, एक मांडणी करणारा आणि घरच्यांची मदत एवढंच असतं. त्यात येणाऱ्या लेखनाचा ढीग. त्या ढिगात काय असतं हेही मी जाणतो, कारण त्यातला थोडा माझ्याच दुकानातून जातो. पंचतंत्रातली गोष्ट नावं बदलून लिहिलेली. झाडं लावा, पाणी वाचवा, मोठ्यांचं ऐका. मोबाइलवर आलेलं जसंच्या तसं उतरवलेलं. अलीकडं यंत्राकडून लिहून घेतलेल्या गोष्टीही यायला लागल्यात. भाषा गुळगुळीत आणि लेकरू एकही खरं नाही. हे सगळं वाचून बाजूला काढणं कष्टाचं काम आहे.

तरीही एका ओळीचं उत्तर देता येतं. तीन उत्तरं आधी लिहून ठेवायची: 'स्वीकारलं', 'स्वीकारलं नाही', 'हे नाही, पण दुसरं पाठवा'. त्यातलं एक निवडायचं आणि पाठवायचं. वाचून निर्णय तर झालेलाच असतो, तो कळवायला अर्धं मिनिट लागतं. अमेरिकेत १९४६ पासून निघणारं 'हायलाइट्स' हे मुलांचं मासिक लेकरांकडून आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देतं. तिथं पैसा आणि माणसं जास्त आहेत, मान्य. पण लेखकांसाठी वयोगट आणि शब्दमर्यादा ते आधीच जाहीर करतात, आणि त्याला पैसा लागत नाही. शब्दमर्यादा सांगितली तर तीन हजार शब्दांची बालकथा मी टाइपच करणार नाही, लेखकाला आधी छाटायला सांगीन. वयोगट सांगितला तर तिसरीच्या लेकराची गोष्ट कुमारांच्या 'छात्र प्रबोधन'कडं जाणार नाही. ढीग तिथंच कमी होईल. दुसरा मार्ग तर आणखी सोपा आहे: 'अमुक तारखेपर्यंत कळवलं नाही तर लेखन इतरत्र पाठवण्यास मोकळीक' असं आवाहनातच छापायचं. मग गोष्ट अडकून पडत नाही.

मानधनाचंही उघड लिहावं. देणं शक्य नसेल तर 'मानधन नाही, अंकाची प्रत पाठवू' असं छापावं. लोक तरीही पाठवतील. पण प्रत मात्र खरंच पाठवावी. आमच्याकडं पुस्तकाच्या दुकानात मुलांचा दिवाळी अंक मिळत नाही, बीडला जाऊनही मोजकेच मिळतात. लेखकाला आपलं छापलेलं बघायला मिळू नये, हे मला पटत नाही.

आणि हक्कांचं. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटतं की एकदा अंकात छापलं की गोष्ट मासिकाची झाली. तसं नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार स्वतंत्रपणे लिहिणारा लेखकच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. लेखी आणि सही केलेल्या करारावाचून तो हक्क दुसऱ्याकडं जात नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पुढं त्या गोष्टीचं पुस्तक निघालं, ऑडिओ निघाला, पाठ्यपुस्तकात गेली, तर लेखकाला विचारायला हवं. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, फाइलची एक प्रत त्याच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवतो आणि कधी पाठवलं ती तारीख त्याच्या वहीत लिहून देतो.

भाषेबद्दलही संपादकांशी बोलायचंय. वाढं, मोळी, पाचट, कोपी हे शब्द आमच्या लेकरांच्या रोजच्या तोंडातले आहेत. पुण्यातल्या लेकराला ते कळणार नाहीत म्हणून काढून टाकू नका. खाली बारीक अक्षरात अर्थ द्या. लेकरं नवे शब्द आवडीनं उचलतात. गोष्टीतली आजी 'काय करायलीस ग?' असं म्हणत असेल तर तिच्या तोंडी 'काय करते आहेस?' घालू नका.

त्या नववीतल्या पोरीची कविता मी दोन वर्षांपूर्वी पाठवली. सीताफळाच्या दिवसांत घाटाच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या भावावर होती. बालाघाटातल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण टोपलीमागं बसलेल्या पोरावर कविता मी तोवर वाचली नव्हती. मुलांनीच लिहिलेलं छापायला मुलांच्या अंकात चार पानं हवीतच. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' १९८५ पासून ते काम नेमानं करतंय. त्या पोरीला मात्र उत्तर आलं नाही. ती आता अकरावीला बीडला आहे. मोठ्या माणसांना उत्तर देणं जमत नसेल तर सुरुवात अठरा वर्षांखालच्यांपासून करावी. येत्या जूनच्या आवाहनात एवढं छापावं: विद्यार्थ्यांनी वय आणि इयत्ता लिहावी, त्यांना पंधरा सप्टेंबरपर्यंत होकार किंवा नकार नक्की कळवला जाईल. ज्या अंकाच्या आवाहनात ही ओळ असेल, त्याच्याकडं इथल्या लेकरांचं लेखन सगळ्यांत आधी पाठवीन.