भाकरीची चवड आणि हृदयाचे चित्र



आपल्या मुठीएवढे हृदय म्हणजे चार खणांचे घर. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. एखाद्या बाळाच्या मधल्या पडद्याला जन्मतः भोक असते, तर एखाद्याची मोठी रक्तवाहिनी भलत्याच खणातून निघालेली असते. अशा वेळी डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात आणि घरच्यांचे धाबे दणाणते. म्हणून हे काय असते ते समजून घेऊ.

लंडनमध्ये १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले असे चित्र घेतले. हे यंत्र शरीर न कापता आतले काप दाखवते. हृदयाचा एकेक काप साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा. शिरेतून औषध सोडल्याने रक्त पांढरे दिसते आणि खणाची भिंत वेगळी ओळखू येते. प्रत्येक कापावर खणाची हद्द आखायची आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसे काप एकावर एक ठेवायचे, की संगणकावर अख्खा खण उभा राहतो.

पण हृदय क्षणभर थांबत नाही. म्हणून ईसीजीच्या तालावर ठरावीक क्षणाचेच काप घेतात. श्वास रोखा, हलू नका, असे सांगतात ते चित्र पुसट होऊ नये म्हणून. तान्ह्या मुलाला कधी गुंगीचे औषध द्यावे लागते.

चवडीवरून मापही निघते. समजा, डावी जवनिका भरली तेव्हा १२० मिलिलिटर रक्त होते आणि आकुंचनानंतर ५० उरले. म्हणजे ७० बाहेर गेले, शेकडा ५८. हृदयाची ताकद ठीक आहे. सर्जनला हे चित्र पडद्यावर फिरवून, प्लॅस्टिकचा नमुना हातात घेऊनही, टाका कुठे घालायचा ते आधीच ठरवता येते.

मात्र सीटीत क्ष-किरण असतात, म्हणून तो उगाच करू नये. बहुतेकांची तपासणी आधी इकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी होते. त्यात किरण नसतात. सीटी सांगितला तर "इकोने काय कळले नाही?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा.

बाळ दूध पिताना दमते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, ओठ निळसर दिसतात, असे असेल तर नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी-शाळेत मुलांची तपासणी होते, आणि दोष आढळल्यास मोफत उपचारांची तरतूद आहे. अंगणवाडी ताईंना आजच विचारा.