चंद्राच्या खात्यावरील जमा

पौर्णिमेला व अमावास्येला समुद्रास उधाण येते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकास ठाऊक असते. त्या उधाणामागे पृथ्वी आणि चंद्र यांच्यात फार जुना व्यवहार चालू आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी फुगते. पृथ्वी एका दिवसात स्वतःभोवती फिरते. चंद्रास तिच्याभोवती फिरण्यास २७ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. त्यामुळे पृथ्वी हा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे नेते. चंद्र त्यास मागे खेचतो आणि फुगवटा चंद्रास पुढे ओढतो. पृथ्वीच्या फिरण्याला बसणारा हा उलटा पीळ म्हणजेच विज्ञानाच्या भाषेतील टॉर्क. फिरत्या वस्तूजवळ भ्रमणाचा जो साठा असतो, त्यास कोनीय संवेग म्हणतात. या पिळामुळे तो पृथ्वीच्या खात्यातून जेवढा वजा होतो, तेवढाच चंद्राच्या खात्यावर जमा होतो. पैचाही फरक पडत नाही.

ऊर्जेचा हिशेब असा सरळ नाही. पृथ्वीने २७ रुपये गमावले असे मानले, तर चंद्राच्या पदरी जेमतेम एक रुपया पडतो. बाकीचे पाण्याच्या घर्षणात उष्णता होऊन जातात. नवल असे की, तो रुपया मिळूनही चंद्राची चाल वाढत नाही. तो दूर सरकतो आणि तेथे अधिक संथ चालतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. त्यांवरून परतणाऱ्या लेसर किरणांनी हे सरकणे मोजले गेले: वर्षाला ३.८ सेंटिमीटर.

इकडे पृथ्वीचा दिवस शंभर वर्षांत सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो. ही तूट क्षुल्लक वाटते. परंतु ज्या मापाने काळ मोजायचा, ते मापच येथे बदलत आहे, आणि रोजची तूट साचत जाते. ती किती साचली, हे बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांनी दाखवले. इ. स. पू. १३६ मध्ये, १५ एप्रिल रोजी, तेथे खग्रास सूर्यग्रहण झाले. भर दिवसा शुक्र, बुध, गुरू आणि मंगळ दिसल्याचे त्या पाट्यांवर नोंदलेले आहे. आजच्याच गतीने पृथ्वी तेव्हाही फिरत होती असे धरून गणित केले, तर ग्रहणाची छाया बाबिलोनवर येतच नाही. सुमारे ४९ अंश पश्चिमेस, भूमध्य समुद्राच्या पलीकडच्या टोकाकडे पडते. म्हणजे सव्वातीन तासांचा फरक. लिहिणाऱ्याने तर डोळ्यांनी पाहून लिहिले होते. तेव्हा चूक नोंदीत नव्हती, दिवस कायम सारखाच असतो या गृहीतात होती.