ही भिंत तोडायची का?

रिसेलचा फ्लॅट घेतला की माणसाला पहिला आजार होतो तो रिनोव्हेशनचा. आम्हालाही झाला. चाळीस वर्षांची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, पाचशे स्क्वेअर फूट आणि वीस वर्षांचा ईएमआय. एवढं सगळं केल्यावर एक ओपन किचन तरी नको? मॅगझिनमध्ये दिसतं ना तसं. इकडे पास्ता शिजतोय, तिकडे पाहुणे गप्पा मारतायत. (आमच्याकडे पोहेच होणार, पण तो भाग वेगळा!)

मध्ये होती एक भिंत. ऑफिसातल्या मैत्रिणीने एक कॉन्ट्रॅक्टर दिला. माणूस एकदम चटपटीत. भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "मॅडम, शनिवारी चावी द्या. सोमवारी ऑफिसातून याल तर भिंत गायब!"

"परवानगी वगैरे?"

"आतल्या कामाला कोण परवानगी घेतं? वॉर्डातून कुणी आलंच तर मी बघतो."

'मी बघतो' हे ऐकून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! टेन्शनच गेलं. रात्री नवऱ्याशी टाइल्सच्या रंगावरून भांडणसुद्धा झालं.

माशी शिंकली ती जिन्यात. तळमजल्यावरचे काका भेटले. रिटायर्ड आहेत, आयुष्यभर साइटवर काम केलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या भिंतीत काय आहे ते पाहिलंस का गं?"

भिंतीत काय असणार? विटा! पण नाही. काकांनी जिन्यातच माझा क्लास घेतला. आरसीसी बिल्डिंगमध्ये वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून पायात जातं. मधली वीटभिंत बहुतेक वेळा फक्त आडोसा असते. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे नेहमी नव्हे. काही जुन्या इमारतींत भिंतच वजन पेलत असते. काही ठिकाणी कॉलम भिंतीच्या जाडीत लपलेला असतो, आणि हातोडा मारणाऱ्याला वीट कुठे संपते आणि कॉलम कुठे सुरू होतो ते कळेलच असं नाही.

मी रोज ट्रेनने घाटकोपरवरून जाते. २५ जुलै २०१७ला तिथे एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी काय केलं होतं? काहीच नाही. ते आपापल्या घरात होते.

मग मी लंच ब्रेकमध्ये जरा अभ्यास केला. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा. त्यातल्या कलम ३४२नुसार रंग, फरशी, प्लास्टर अशा साध्या दुरुस्तीला पालिकेची परवानगी लागत नाही. इमारतीच्या सांगाड्याला हात लावायचा असेल तर मात्र लागते. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करायचा तर कमिटीची परवानगी आधी घ्यायची असते. वॉर्ड ऑफिसात इमारत व कारखाने नावाचं खातं आहे, बेकायदा काम दिसलं तर ते नोटीस देतं, काम थांबवतं. नियम आहेत हो, भरपूर आहेत!

पण गंमत बघा. इलेक्ट्रिकच्या कामाला लायसन्स लागतं. प्लंबरला लागतं. स्ट्रक्चरल इंजिनीअरची पालिकेकडे नोंदणी असते. आणि माझ्या किचनमध्ये हातोडा घेऊन येणारा माणूस? त्याला कुठलंच लायसन्स लागत नाही. आणि बंद दारामागे, दुसऱ्या मजल्यावर काय तुटतंय ते वॉर्डातल्या इंजिनीअरला कुणी कळवल्याशिवाय कळणार कसं?

तर आम्ही नोंदणी असलेला इंजिनीअर बोलावला. त्यांनी आमची भिंत तपासली आणि म्हणाले, "खालचं घर बघता येईल?"

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं ओपन किचन तर माझं इन्स्पिरेशन! पाच वर्षांपूर्वी त्यांनी तीच भिंत काढलेली. फ्रिजच्या मागचं लॅमिनेट सरकवलं तर भिंतीच्या टोकाला होता तो कॉलम दिसला. फ्रिज बसावा म्हणून त्याचा कोपरा तासलेला. आतल्या सळया उघड्या, गंजून फुगलेल्या. त्याच कॉलमवर माझं घर उभं आहे. आणि माझ्यावर आणखी दोन मजले. वहिनींच्या कॉन्ट्रॅक्टरनेही तेव्हा सांगितलं होतं म्हणे, 'मी बघतो'. आता त्याचा फोन लागत नाही.

खरी पंचाईत इथून पुढे. सोसायटीला लेखी कळवायचं म्हणजे वहिनींची तक्रार करायची. आम्ही राहायला आलो त्या दिवशी चहा-खिचडी पाठवणाऱ्या वहिनी! दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी पत्र दिलं.

कमिटीची मीटिंग गाजली. "नवीन लोक येतात आणि कटकटी सुरू करतात," असं एकजण माझ्याकडे न बघता म्हणाले. तेव्हा काकांनी कलम ३५३-ब काढलं. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे. आमच्या सोसायटीने खर्चाचं कारण सांगून ते दरवर्षी पुढे ढकललेलं! अखेर ठराव पास झाला. कॉलमला टेकू लागले आहेत, दुरुस्ती पुढच्या आठवड्यात सुरू होईल. खर्च वहिनींचा की सोसायटीचा, यावर अजून घमासान आहे.

आमची भिंत आहे तिथेच आहे. तिला छान पिवळा रंग दिलाय.

तुम्ही घरात काही तोडणार असाल तर तीन गोष्टी करा. आधी नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचं मत लेखी घ्या. सोसायटीची परवानगी घ्या, आणि गरज असेल तर पालिकेचीही. आणि कॉन्ट्रॅक्टर 'मी बघतो' म्हणाला की त्याला विचारा, काय बघणार आणि किती वर्षं बघणार?

वहिनी जिन्यात भेटल्या की अजून मोबाइलमध्ये बघतात. काल मात्र त्यांचा मुलगा टेकूंकडे बोट दाखवून विचारत होता, "काकू, हे किती दिवस राहणार?"

"काम पूर्ण होईपर्यंत," मी म्हटलं. आतून वहिनींनी त्याला हाक मारली. दार मात्र लावलं नाही.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू!