किती झिजलेलं चालेल?

परवा रात्री भाच्याने दोन फोटो पाठवले. दोन्ही नाणी नहपानाची, चांदीची, नखाएवढी. पहिलं अगदी ठसठशीत. राजाचं नाक, हनुवटी, मानेवरचे केस सगळं जागच्या जागी. दुसरं पुसट. चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा, आणि त्यावर तीन कमानींचा डोंगर उमटलेला. खाली मेसेज: "मामा, दुसरं निम्म्या किमतीत मिळतंय. पण एवढं झिजलेलं घ्यायचं का?"

पोराने वर्षभर साठवलेले पैसे आहेत, त्यामुळे 'घे रे काहीही' असं सांगून मोकळं होता येईना. फोनवर टाइप करायला लागलो आणि लक्षात आलं की हे काही दोन ओळींत मावत नाही. म्हणून इथे लिहितोय. (वाचतोयस ना रे?)

मी स्वतः सुरुवातीला 'चेहरा दिसलाच पाहिजे' या पंथाचा होतो. 'व्हेरी फाइन'च्या खालचं काही घ्यायचं नाही, थोडी घ्यायची पण चांगली घ्यायची, हे तेव्हा सगळे जुने संग्राहक सांगायचे. त्यात तथ्य आहेच. उद्या विकायची वेळ आली तर झिजलेल्या नाण्याला कुत्रं विचारत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. पण पैसे परत मिळणं हा जर हिशेब असेल तर सरळ मुदत ठेव करावी, नाणी कशाला घ्यावीत?

आता ते दुसरं नाणं बघू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला एक मोठा साठा सापडला. नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी वितळवत न बसता त्याच चांदीवर आपली मोहोर उठवली आणि पुन्हा बाजारात सोडली. म्हणजे भाच्याच्या त्या 'खराब' नाण्यावरचा चेहरा निव्वळ झिजेने गेलेला नाही. काही हातांनी गेला, काही सातकर्णीच्या हातोड्याने. याला नुकसान म्हणायचं का? माझ्या मते मुळीच नाही. पहिल्या नाण्यावर एक राजा आहे, दुसऱ्यावर दोन!

दुसरी गोष्ट. सगळं पुसट म्हणजे झीज असंही नसतं. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं असतात, ती बऱ्याचदा अर्धीच दिसतात, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. विदर्भात सापडणाऱ्या सातवाहनांच्या पोटीन नाण्यांवरही असंच, हत्ती दिसतो आणि राजाचं नाव काठाबाहेर गेलेलं असतं. ते नाणं टाकसाळीतूनच तसं निघालं. ओळखायचं कसं? अक्षराच्या कडा बघायच्या. जेवढं उमटलंय तेवढं जर धारदार असेल तर ती झीज नव्हे.

आणि खरी झीज असली तरी काय बिघडलं? पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले, दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. म्हणजे पैसा फिरत होता. फिरला म्हणून झिजला.

या झिजेचं मोल दामोदर धर्मानंद कोसंबींना बरोब्बर कळलं होतं. गणिती माणूस. त्यांनी आधी चालू वापरातली नाणी तोलून पाहिली आणि मग तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी एकेक करून तोलली. जेवढं नाणं जास्त काळ फिरलं तेवढं वजन कमी, आणि त्याच्या मागे तपासनिसांच्या खुणाही जास्त. त्यावरून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची याचा क्रम त्यांनी लावला. ज्याला आपण खराबी म्हणून किंमत पाडून मागतो तोच त्यांचा पुरावा होता. अर्थात हे जमतं ते अख्खा साठा एकत्र असला तरच. सुटलेल्या एकट्या नाण्याचं वजन करून त्याचं वय सांगता येत नाही, तेव्हा भाच्याने भलत्या आशेवर राहू नये.

मला चालत नाही ती झीज वेगळी. घासलेलं नाणं. यात पहिला गुन्हेगार मीच. सातवाहनांचं एक पोटीन नाणं मी लिंबू-मीठ लावून दातांच्या ब्रशने घासलं होतं. घरात चिंचेने तांब्या घासतात ना, तसं. दोन हजार वर्षं टिकलेली हत्तीची सोंड मी दहा मिनिटांत घालवली. ते नाणं अजून आहे माझ्याकडे, डबा उघडला की आधी तेच हाताला लागतं. म्हणून आता जुनी चांदी आरशासारखी चमकायला लागली की मला आनंद होण्याऐवजी शंका येते. भाच्याच्या पहिल्या नाण्याबद्दल मला तीच शंका आहे. घासलेलं तरी असेल, नाहीतर परवाच पाडलेलं. (पुसट म्हणजे अस्सल असंही समजू नये, झीजसुद्धा खोटी करता येते.)

तरी सीमा आहेच. साफ गुळगुळीत चकती आणून विक्रेता 'हा नहपान' म्हणाला तर मी घेणार नाही. त्याची चिठ्ठी फाडून टाकली तरी आपण कोणाचे हे नाण्याने स्वतः सांगितलं पाहिजे. डोंगराच्या दोन कमानी असोत की ब्राह्मीतली तीन अक्षरं असोत, मला पुरतात.

असो. भाच्याला एवढंच कळवलंय की विक्रेत्याकडून दोन्हींचं वजन मागव आणि दुसऱ्याच्या मागच्या बाजूचा, तिरप्या उजेडातला फोटो पाठव. बाणाचं टोक दिसतंय का बघायचंय.