नंबर टाकायला काय जातं?

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीचा जुना जनरेटर रिवाइंडिंग होऊन आला. सहा जाड वायरी बाहेर आलेल्या, सगळ्या काळ्या, सगळ्यांच्या टोकाला काळी टेप. नंबर एकावरही नाही. मेकॅनिक म्हणाला, "लावून बघू!" लावल्या. मीटरवर तिन्ही फेज न्यूट्रलशी बरोब्बर २३० व्होल्ट. "ओके आहे साहेब." मग पाण्याची थ्री-फेज मोटर सुरू केली. ती नुसती घुमली, आणि थोड्या वेळात जळका वास. दोन दिवस चौथ्या मजल्यावर बादल्या वाहिल्या.

झालं काय होतं? आत तीन कॉइल, प्रत्येकीला दोन टोकं. त्यातली एक उलटी जोडली गेली. आणि गंमत म्हणजे, कॉइल उलटी असली तरी न्यूट्रलशी मोजल्यावर २३०च दिसतात! चूक दिसते ती फेज ते फेज मोजल्यावर. बरोबर स्टार असेल तर तिन्ही वेळा ४००. एक उलटी असेल तर एकदा ४०० आणि दोनदा २३०. त्या दोन्ही २३० मध्ये जी वायर कॉमन, ती कॉइल उलटी. बास! इंजिन बंद करून सगळ्या वायरी सुट्या केल्या की मल्टिमीटरने तीन जोड्या सापडतात, आणि लोड न लावता ही तीन मापं घेतली की उलटी कॉइल सापडते. अर्ध्या तासाचं काम.

लोक मेकॅनिकला शिव्या घालतायत. मला ते पटत नाही. माझा राग रिवाइंडिंगवाल्यावर आहे. कॉइल भरताना कुठलं टोक कुठलं हे त्याला नक्की माहीत होतं. यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२ अशी सहा फेरुल घालायला किती खर्च येतो? "आम्हाला लक्षात राहतं" म्हणे. तुमच्या लक्षात राहून आमची मोटर कशी वाचणार? माहिती स्वतःच्या डोक्यात ठेवणं हे कौशल्य नव्हे, पुढच्या माणसाची अडवणूक आहे.

आणि हो, मीही तिथेच उभा होतो. स्टार-डेल्टावर फर्स्ट इयरला मार्क मिळवलेला इंजिनीयर. "फेज टू फेज बघा" एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

सोमवारी ऑफिसात स्वतःचाच जुना कोड उघडला. टेम्प१, टेम्प२, टेम्प३. काळी टेपच की!

आधी त्यांना नावं दिली, मग चहा प्यायलो.