शेजाऱ्याच्या अलिप्ततेचा अधिकार

१९४३ साली जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहिया यांना हनुमाननगरच्या कैदेतून सोडविताना नेपाळी तरुणांनी राणाशाहीचा रोष पत्करला. या ऋणाची फेड स्वतंत्र भारताने कशी केली? डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी बी. पी. कोईराला यांचे निर्वाचित सरकार बरखास्त केले आणि १९६१ मध्ये चीनशी काठमांडू-कोदारी रस्त्याचा करार केला. १९६२ च्या चीनयुद्धानंतर दिल्लीला राजाची मर्जी राखणे अगत्याचे वाटू लागले. नेपाळी काँग्रेसचा लढा वाऱ्यावर सोडला गेला. कोईराला १९६८ पर्यंत तुरुंगात होते. भारत-चीन स्पर्धेत असा नेपाळी लोकशाहीचा बळी पडला.

पुढील इतिहासही याच वळणाचा आहे. १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून शस्त्रे घेतली. १९८९ मध्ये भारतीय सीमेवरील बहुतेक नाकी बंद झाली. २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. त्याच वर्षी मधेशी आंदोलनाच्या काळात इंधन व औषधे सीमेवर अडकली. मधेशींच्या तक्रारी खऱ्या होत्या. परंतु टंचाईची झळ राज्यकर्त्यांना नव्हे, पत्र्याखाली हिवाळा काढणाऱ्या भूकंपग्रस्तांना बसली. दिल्लीने नाकेबंदीचा इन्कार केला. नेपाळी जनतेला तो पटला नाही. निष्पत्ती काय? २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला. जे टाळायचे तेच दिल्लीने ओढवून घेतले!

विजेच्या व्यापारातही तीच कथा. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प प्रामुख्याने नेपाळी पैशांतून उभा राहिला. पण ठेकेदार चिनी म्हणून त्याची वीज भारताला विटाळली. त्याच भारताने २०२३-२४ मध्ये चीनकडून शंभर अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचा माल आणला. हे सोवळे केवळ दुबळ्या शेजाऱ्यापुरतेच काय?

चीनचे नेपाळप्रेमही तपासून पाहावे. नेपाळ ज्यावर हक्क सांगतो त्या लिपुलेख खिंडीतून व्यापार करण्याचे दिल्ली व बीजिंग यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये परस्पर ठरविले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. नेपाळच्या वाट्याला भांडणातही तोटा आणि समेटातही तोटा!

महासत्तांच्या गटांत ओढले न जाण्याचा हक्क भारताने स्वतःसाठी मागितला. तोच हक्क शेजाऱ्याला नाकारणे ही अलिप्तता नव्हे, ती धाकटी साम्राज्यशाही होय. १९५० च्या भारत-नेपाळ कराराचा बरोबरीच्या नात्याने फेरविचार व्हावा आणि अन्न, औषध व इंधन यांची वाट कोणत्याही वादात अडविली जाणार नाही, अशी हमी त्यात असावी. हा आग्रह समाजवाद्यांनी धरला नाही, तर तो धरणार कोण?